माहेरी हॉटेलात

परदेशातून सुट्टीला आलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारतो. कधी आलात, किती दिवस आहात आणि कुठे उतरलात? पहिली दोन उत्तरं सोपी. तिसऱ्याला "हॉटेलात" म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. मग हळूच, "घरी सगळं बरंय ना?"

बरंय हो! भांडणबिंडण काही नाही. सगळ्यांना वेगवेगळं सांगून थकले, म्हणून एकदाच सविस्तर सांगून टाकते.

माझं माहेर तलासरीचं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसायला लागले. एक मोठा धक्का आणि मग शांत, असं नाही. लहान लहान धक्क्यांची मालिकाच. हैदराबादच्या एनजीआरआयने यंत्रं आणून बसवली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. आमचं घर जुनं, विटांचं. मागच्या दोन खोल्यांच्या भिंतींना भेगा गेल्या आणि दादाने त्या वापरणंच बंद केलं. आता तिथे भाताची पोती असतात. उरलेल्या दोन खोल्यांत ती पाच माणसं. त्यात आम्ही चौघं, आमच्या बॅगा आणि रात्री दोन वाजता टक्क जागी होणारी मुलं... म्हणून या डिसेंबरात डहाणूला समुद्राजवळ हॉटेल घेतलं. बारा दिवस. रोज सकाळी तलासरी, रात्री परत.

काउंटरवर पासपोर्ट दिले तर तिथल्या मुलाने सी फॉर्म काढला. परदेशी पासपोर्टवाला राहायला आला की हॉटेलवाल्यांना चोवीस तासांत सरकारला कळवावं लागतं. ओसीआय कार्ड दाखवलं तरी फॉर्म भरावाच लागला. त्यात भारतातल्या पत्त्याचा रकाना होता. मी तलासरीचा पत्ता सांगितला. मुलगा एकदा फॉर्मकडे आणि एकदा माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, घर तर इथंच आहे!" काय सांगणार?

वहिनीला वाईट वाटलं होतं. "लोक काय म्हणतील, नणंदेला ठेवून घेतलं नाही?" तिचंही खरंच. माहेरवाशिणीने माहेरी जाऊन हॉटेलचं बिल भरायचं, हे आपल्याकडे कुठल्याच हिशोबात बसत नाही. आई मात्र काही बोलली नव्हती. चौथ्या दिवशी म्हणाली, "मी येते तुझ्याकडे एक दिवस."

आली ती डबा घेऊन. हॉटेलात जेवण मिळतं हे तिला मान्य नाही. गिझर बघितला, चादरीला हात लावून बघितला, आमचे ओले टॉवेल झटकून खुर्चीवर पसरले. मग काम संपलं. गॅस नाही, ओटा नाही, दूधवाला नाही. पाच मिनिटं ती नुसती उभीच होती. शेवटी बाल्कनीतल्या खुर्चीत बसली, ती संध्याकाळपर्यंत.

घरी आईशी बोलायचं म्हणजे तिच्या पाठीशी बोलायचं. ती ओट्याशी, आपण दारात. त्या रात्री मुलं झोपल्यावर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बघत बोलले. आणि तेव्हा तिने त्या हिवाळ्याबद्दल सांगितलं.

अंगणात खाटा टाकून ती सगळी झोपायची, थंडीत. गावोगावी लोक तंबूत राहत होते, एनडीआरएफने तंबू आणले होते. फळीवरची भांडी वाजली की उठून बसायचं आणि दादाच्या धाकट्याला उचलायचं. तो झोपेतच विचारायचा, "आजी, आलं का?" कितीतरी रात्री असं.

त्या महिन्यांत दर रविवारी आमचा फोन व्हायचा. "थोडं हललं गं, विशेष काही नाही," एवढंच ती सांगायची.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तिकडे तुझी झोप गेली असती आणि इकडे धक्के काही थांबले नसते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण ती हे घरी कधीच बोलली नसती, एवढं मला कळलं. घरात त्या भिंती समोरच असतात आणि त्यांच्याबद्दल बोललं की वहिनी घाबरते. सकाळी चहा खोलीत आला. आईने तो बसून प्यायला, गरम असताना. तिचं स्वतःचं माहेर मामा गेल्यावर संपलंच. कप ठेवत ती म्हणाली, "असं आयतं किती वर्षांनी!"

आता दादा आणि मी मिळून त्या दोन खोल्या नव्याने बांधायचं ठरवतोय. नुसत्या भेगा भरून भागणार नाही. भिंती उतरवायच्या, दारं-खिडक्यांच्या वर चारही बाजूंनी सलग सळईकाँक्रीटचा पट्टा घालायचा, म्हणजे धक्का बसला तरी भिंती एकमेकींना धरून राहतात. पुढच्या वेळी घरीच उतरू, असं आईला फोनवर सांगितलं.

"बांधा की," आई म्हणाली. "पण दोन दिवस ते हॉटेलही घे. आपल्या दोघींना."