साभार परत

माझी एक कादंबरी तिसऱ्यांदा ‘साभार परत’ आली, तेव्हा मी ती भिजत घातली. रागानं नव्हे, काटकसरीनं! भिजलेला कागद कुटून त्यात मेथीचं पीठ मळलं की टोपल्यांचा लगदा होतो, हे आईकडून ठाऊक होतं. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं करतात. आम्हां वणीकर मास्तरांना रद्दी बरी.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे बाजारी मावळे सगळे एका साच्याचे, एका मिशीचे. म्हटलं, आपण आपला गडच करावा. चैत्री पौर्णिमेला खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी येणारी माणसं घडवली: खांद्यावर पोर घेतलेला बाप, पायातला काटा काढणारा म्हातारा, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई. अठरा हातांची देवी मात्र केली नाही; माणसांचे दोन हात जमवतानाच पुरेवाट झाली.

शाळेत प्रदर्शन मांडलं. टेबलावर पाटी ठेवली: ‘हात लावू नये’.

“गुरुजी, मग खेळायचं कसं?” चौथीतल्या एका मुलीनं विचारलं.

मला उत्तर सुचेना. पाटी काढली. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याचा पाय मोडला, पोर बापाच्या खांद्यावरून उतरलं, अन् गाठोडंवाली त्या मुलीबरोबर घरी गेली. तिची आजी पूर्वी धुळ्याहून अशीच चालत यायची म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाई परत आली.

“आजी म्हणते, एवढ्याशा गाठोड्यात वाटेच्या भाकरी मावायच्या नाहीत.”

कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं अजून कोरडी होती. त्याच रात्री भिजत घातली.