तापीचा गाळ

सुरतेला अडाजणच्या मावशीकडे गेलो, की जिन्यालगतच्या भिंतीवरची मळकट रेघ आधी दिसते. ऑगस्ट २००६ च्या पुराची ती खूण. पाणी ओसरलं तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. मावशी मूळची भुसावळची. "माहेरची माती घरी आली, पण पाहुणचार झेपला नाही," असं ती अजून म्हणते.

या खेपेला ओहोटीच्या वेळी डुमसला गेलो. काळ्या वाळूच्या त्या किनाऱ्याजवळ एका ओहळाने काठ कापला होता. कापलेल्या भागात थर दिसत होते. जाड थरात पातळ, पातळात आणखी बारीक. फोटो पाहून मावशीने विचारलं, "ही दरड पुरुषभर उंच आहे की वीतभर?" फोटोवरून खरंच सांगता येत नव्हतं. म्हणूनच भूवैज्ञानिक फोटो काढताना शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात. मोठ्यात दिसतं तेच लहानातही दिसावं, अशा रचनेला मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये 'फ्रॅक्टल' हे नाव दिलं.

सुरतेच्या उत्तरेला असेच थर जमिनीत खोल दडले आहेत. ओलपाड तालुक्याचं नाव तर दख्खनच्या काळ्या पाषाणावर साचलेल्या एका थरसमूहालाच मिळालंय. पुढे अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं, ते प्राचीन त्रिभुज प्रदेशातल्या वाळूच्या खडकात. तेल वाळूच्या कणांमधल्या फटींत असतं आणि मधले चिकणमातीचे थर त्याची वाट अडवतात. विहीर जेमतेम वीतभर रुंद, पुढची शेकडो मीटरवर. मधे काय आहे? सरासरी धरून चाललं तर फसगत होते. तेल ढकलायला सोडलेलं पाणी सोप्या वाटेने निघून जातं आणि तेल मागेच राहतं.

या कोड्यात नदीचं गणित कामी आलं. नाईलवर धरण किती मोठं हवं, याचा हिशेब करताना हॅरल्ड हर्स्ट यांना दिसलं, की भरपूर पाण्याची वर्षं एकामागोमाग येतात, तुटीचीही तशीच. निव्वळ योगायोग असता, तर त्यांचा घातांक ०.५ आला असता. त्यांना सुमारे ०.७३ मिळाला. हे त्यांनी १९५१ मध्ये मांडलं. १९८६ मध्ये थॉमस हेवेट यांनी हीच पद्धत विहिरींतल्या खडकाच्या सच्छिद्रतेच्या नोंदींना लावली आणि दोन विहिरींमधल्या खडकाची संभाव्य चित्रं तयार केली. नेमका थर कुठे, हे गणित सांगत नाही. पण सरासरी जे लपवते, ते चढउतार त्यात राहतात.

तापीवर १९७२ पासून उकाई धरण आहे. तरी चार वर्षं कोरडी गेली, म्हणून पाचवंही तसंच जाईल असं धरून चालता येत नाही.

निघताना मावशी म्हणाली, "दिवाळीला रंग काढायचाय. ही रेघ पुसू का रे?"

"बाकी सगळं रंगव. तेवढी राहू दे," मी म्हटलं.