एक्स्टर्नलचं जेवण

हॉस्टेलवर गेम विकत घेणं ही साधीसुधी गोष्ट नाही. मोठा नवा गेम आजकाल तीन-चार हजारांच्या घरात जातो, आणि आमच्या मेसचं महिन्याचं बिलही साधारण तेवढंच येतं. त्यामुळे आमच्या विंगमध्ये गेमसाठी वर्गणी निघते. गणपतीच्या वर्गणीला 'नंतर देतो रे' म्हणणारी मंडळी या वर्गणीला मात्र रात्री बारा वाजता दार वाजवून पैसे आणून देतात! मग ज्याच्या लॅपटॉपला बरं ग्राफिक्स कार्ड आहे त्याच्याकडे गेम येतो, पाळ्या लागतात, आणि त्या बिचाऱ्याला आठवडाभर स्वतःच्या खोलीत झोपायला जागा मिळत नाही.

पण पैसे काढण्याआधी एक मोठा सोहळा असतो, रिव्ह्यू वाचण्याचा. थर्मोचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडणारे वीर एका गेमचे आठ-आठ रिव्ह्यू वाचतात. "अमक्या साइटने नऊ दिलेत." "पण तो युट्यूबवाला म्हणतो शेवट फालतू आहे." "तो काय, सगळ्यालाच फालतू म्हणतो." अशी चर्चा दोन-दोन तास रंगते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. हे गुण देणाऱ्याचा पगार कुठून येतो?

गुणांचं म्हणाल तर त्यांचं आपल्या टर्मवर्कसारखं आहे. टर्मवर्कला पंचवीसपैकी एकवीस-बावीस सगळ्यांनाच मिळतात. सतरा मिळाले की समजायचं, याचं आणि सरांचं काहीतरी बिनसलंय. गेमच्या रिव्ह्यूंतही कागदावर पट्टी शून्य ते दहाची, पण मोठ्या कंपनीच्या गेमच्या बाबतीत खेळ सगळा सहा ते दहामध्येच चालतो. सात म्हणजे 'ठीक', सहा म्हणजे नापास. अशा या जगात एका माणसाने एकदा सहा दिले, आणि पुढे जे झालं ते प्रत्येक गेमरला माहीत असायला हवं.

त्याचं नाव जेफ गर्स्टमन. 'गेमस्पॉट' या अमेरिकेतल्या बड्या साइटचा तो संपादक. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने 'केन अँड लिंच: डेड मेन' या गेमला दहापैकी ६ गुण दिले. यात फार जगावेगळं काही नव्हतं, कारण बाकीच्या समीक्षकांची सरासरीही शंभरात साठ आणि सत्तरच्या मध्येच होती. पंचाईत अशी की त्याच वेळी 'गेमस्पॉट'चं पान त्याच गेमच्या जाहिरातींनी वरपासून खालपर्यंत रंगलेलं होतं. 'आयडॉस' या प्रकाशक कंपनीने त्या जाहिरातींसाठी चांगले पैसे मोजले होते. म्हणजे वर भपकेबाज बॅनर, आणि खाली 'जेमतेम बरा' असा निकाल! महिना संपायच्या आत गर्स्टमनची नोकरी गेली.

साइट चालवणाऱ्या कंपनीने जाहिरातदाराच्या दबावाचा ठामपणे इन्कार केला. गर्स्टमन काहीच बोलला नाही, म्हणजे करारामुळे त्याला बोलताच येत नव्हतं. त्याचे काही सहकारी मात्र पुढच्या काही महिन्यांत एकेक करून बाहेर पडले, आणि २००८ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी त्याच्यासोबत 'जायंट बॉम्ब' ही नवी साइट काढली. गंमत पुढेच आहे. मार्च २०१२ मध्ये 'जायंट बॉम्ब' विकत घेतली ती 'गेमस्पॉट'च्या तेव्हाच्या मालकांनीच! त्या व्यवहारात तोंड बंद ठेवण्याची अट निघाली आणि तब्बल चार वर्षांनी या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की होय, कमी गुणांवरून प्रकाशक जाहिराती काढून घेण्याची भाषा करत होते, आणि व्यवस्थापनातल्या नव्या मंडळींना तो दबाव पेलला नाही.

मला या गोष्टीत गर्स्टमनच्या सहा गुणांपेक्षा त्या चार वर्षांच्या गप्प राहण्याचं जास्त वाटतं. कारण पैसे देऊन कोणी 'खोटं बोल' असं सहसा सांगत नाही. तेवढी गरजच पडत नाही. 'अमुक एवढं बोलू नकोस' म्हटलं की काम होतं.

आता आपल्या ओरल्सचंच बघा. (सरांनी रागावू नये, हे सगळ्याच कॉलेजांत चालतं असं ऐकून आहे.) एक्स्टर्नल येतात. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी मेसच्या महाराजांनी खास केलेली पनीरची भाजी आणि गुलाबजाम. आपल्याला त्या दिवशीही बटाट्याचा रस्साच! आता त्या गुलाबजामसाठी एक्स्टर्नल कोणाला पास करतात असं माझं बिलकुल म्हणणं नाही. ते खरोखर भले गृहस्थ असतात. पण जेवणानंतरच्या बॅचला प्रश्न सोपे येतात, हे ज्युनिअर पोरांनाही माहीत असतं, आणि म्हणूनच रोल नंबर मागचा असावा अशी सगळ्यांची प्रार्थना असते. लाच नाही, अट नाही, पण पोट भरलेलं असलं की अवघड प्रश्न विचारायला जीव होत नाही. गेम कंपन्या समीक्षकांना फुकट कॉपी देतात, विमानाने नेऊन हॉटेलात उतरवतात, गेम आधी खेळायला देतात, तो हाच गुलाबजाम.

गुणांमागे लोक इतके हात धुऊन का लागतात, यालाही कारण आहे. 'मेटाक्रिटिक' नावाची साइट २००१ पासून सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढते, आणि त्या एका आकड्यावर खऱ्या माणसांचे पैसे अडकलेले असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा २०१० चा गेम बनवणाऱ्या 'ऑब्सिडियन' कंपनीला सरासरी ८५ आली तर बोनस मिळणार होता. आली ८४. एका मार्काने केटी लागल्याचं दुःख काय असतं ते आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको, पण आपल्याकडे निदान ग्रेस तरी आहे!

असो. साइट आणि मासिकांचा जमाना मागे पडला आणि युट्यूबवाले आले, तेव्हा आम्हा लोकांना वाटलं की आता बरं झालं. हा आपल्यासारखाच पोरगा, आपल्यासारखाच खोलीत बसून खेळणारा. याला कोण विकत घेणार? तर २०१४ च्या अखेरीस 'वॉर्नर ब्रदर्स'ने 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या गेमसाठी नेमक्या अशाच पोरांना एका एजन्सीमार्फत पैसे दिले, काहीशे डॉलरपासून काही दहा हजार डॉलरपर्यंत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात कारवाई केली आणि जुलै २०१६ मध्ये तडजोड जाहीर झाली. अटी काय होत्या? गेमबद्दल चांगलंच बोलायचं. बग दाखवायचे नाहीत. व्हिडिओ आधी कंपनीला दाखवायचा. आणि 'पैसे घेतले आहेत' हे कुठे लिहायचं? तर व्हिडिओखालच्या मजकुरात, 'शो मोअर' दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी! हे व्हिडिओ मिळून ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले, त्यातले ३७ लाख एकट्या 'प्यूडीपाय'चे. दंड एक पैशाचा झाला नाही, फक्त पुन्हा असं करू नका म्हणून आदेश निघाला.

यातली सगळ्यात चीड आणणारी बाब म्हणजे तो गेम मुळात चांगला होता. मार्च २०१५ मध्ये गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून गौरवलं गेलं. अभ्यास झालेल्या पोराने उगाच कॉपी करावी, तसला प्रकार.

आणि पैसे न देताही तोंड बंद करता येतं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. पहिल्या रिव्ह्यूंमध्ये स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायला मनाई, कंपनीने दिलेलं चित्रणच वापरायचं. रिव्ह्यू झकास आले. लिहिणाऱ्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, चांगल्या पीसीवर त्यांना जे दिसलं तेच लिहिलं. पण प्लेस्टेशन ४ वर गेमची अशी दाणादाण उडाली की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये.

हे सगळं मी इतकी वर्षं लांबच्या बातम्या म्हणून वाचत होतो. गेल्या वर्षी मात्र ते आमच्या विंगमध्ये आलं.

आमच्या शेजारच्या खोलीत 'परभणी' राहतो. (गाव परभणी, म्हणून नावही परभणी. खरं नाव बहुधा फक्त रेक्टरांना माहीत असावं.) तो मराठीत गेमचे व्हिडिओ करतो. सबस्क्रायबर सहा हजारांच्या आत, पण लोक मनापासून बघतात, कारण हा माणूस ज्या फोनवर खेळतो तो फोन खरोखर आपल्याच ऐपतीतला आहे. तर त्याला एका एजन्सीचा मेल आला. फोनवरचा एक गोळीबाराचा गेम, चार मिनिटांचा व्हिडिओ, आठ हजार रुपये. परभणीचं तेव्हा दोन महिन्यांचं मेसचं बिल थकलेलं होतं आणि घरी सोयाबीनचं जे झालं होतं त्यानंतर वडिलांना फोन करायची सोय नव्हती. आठ हजार म्हणजे बिल फिटून वर कटिंगचे पैसे!

सोबत स्क्रिप्ट होती. 'काय बोलू नये' अशी एक यादीही होती. फोन गरम होतो हे बोलू नये. दर तीन मिनिटांनी जाहिरात लागते ते दाखवू नये. बॅटरीचा विषय काढू नये. थोडक्यात, ज्या तीन गोष्टी ऐकायला लोक परभणीचा व्हिडिओ बघतात, त्या तिन्ही!

दोन रात्री विंगमध्ये खल झाला. अर्ध्या लोकांचं म्हणणं, "घे गप. बिल तू भरणार का तुझे सबस्क्रायबर?" हे म्हणणं मला खोडता आलं नाही, आजही येत नाही. उपाशी माणसाला तत्त्व शिकवणारे आपण कोण? मी म्हटलं, पैसे घे, पण व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात सांग की घेतलेत. तसा नियमही आहे. जाहिरात क्षेत्राच्या 'ॲस्की' या संस्थेची तत्त्वं २०२१ ची, आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की पैसे, भेटवस्तू, फुकट सहल, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे आणि साध्या भाषेत सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. परभणी म्हणाला, "दहा लाख? माझ्याकडं दहा रुपये बघून जातील ते."

तरी त्याने मेल टाकला, सुरुवातीलाच सांगेन म्हणून. उत्तर आलं, "सर, त्याने ऑरगॅनिक वाटत नाही." शेतकऱ्याच्या पोराला ऑरगॅनिक शिकवतात! परभणीने पुन्हा विचारलं, तर त्यानंतर मेलच बंद. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका चॅनेलवर तो गेम झळकला. एक पोरगा अगदी मनापासून बोलत होता, आणि आम्ही मागे बसून त्याच्याआधी त्याची वाक्यं म्हणत होतो, कारण ती सगळी परभणीच्या इनबॉक्समध्ये होती. पैसे घेतल्याचा उल्लेख आम्हाला तरी कुठे सापडला नाही. त्या पोराचंही कुठल्यातरी मेसचं बिल थकलं असेल, म्हणून त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या विंगची वर्गणी जरा वेगळ्या पद्धतीने निघते. फुकट कॉपी घेतली म्हणून समीक्षक चोर, असं मी मानत नाही. सगळ्यांनीच विकत घेऊन खेळायचं म्हटलं तर रिव्ह्यू पंधरा दिवस उशिरा येईल, तोवर आपले पैसे गेलेले असतात. पण कॉपी कोणी दिली, कोणत्या मशिनवर खेळला, स्वतःचं चित्रण दाखवतोय की कंपनीचं, हे आम्ही आधी बघतो. काहीच वाईट सांगितलं नसेल तर तो रिव्ह्यू बाजूला. स्टीमवरचे साध्या खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचतो, कारण बाहेरून फुकट मिळालेल्या 'की'वर लिहिलेले अभिप्राय तिथे २०१६ पासून एकूण गुणांत धरत नाहीत. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे स्टीमची परतीची सोय. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत! त्या दोन तासांत आमच्या विंगमधले नऊ जण पाळीपाळीने बसतात आणि दहावा घड्याळ लावून उभा असतो.

परभणीने पुढे त्या गेमवर स्वतःहून व्हिडिओ केला, फुकटात. फोन किती गरम होतो ते दाखवायला वर्कशॉपमधल्या एका सरांकडून थर्मामीटर मागून आणला. जाहिराती मोजल्या, बॅटरी मोजली. चारशे-बाराच लोकांनी बघितला. खाली एकाने कॉमेंट टाकली, "दुसऱ्या कंपनीकडून किती घेतले भाऊ?"

परभणीने उत्तर दिलं, "काही नाही भाऊ. मेसचं बिल अजून बाकी आहे."