दाद द्यायची कुठे?

मैफलीत समोरच्या माणसाला डुलकी लागलेली गवई विसरत नाही. पहिल्या रांगेत कुणी पेंगताना दिसला की तबलजीने मुद्दाम एक जोरकस तुकडा वाजवून त्याला जागं केल्याचे किस्से गावोगाव आहेत, सोलापुरातही आहेत. म्हणून 'त्रिवेणी' ऐकलेल्यांनी त्याची जी तारीफ केली, ती ऐकून मी जरा चमकलो. "काल रात्री लावलं की ओ, झोप कधी लागली कळलंच नाही," एक जण मनापासून म्हणाले. दुसऱ्या एकांचं तर, "तिसऱ्या ट्रॅकपर्यंत अजून पोचलोच नाही, पण फार भारी आहे." यात थट्टा नव्हती. ही दादच होती, फक्त ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर मिळत होती.

'त्रिवेणी' हा तिघांचा अल्बम. आवाज चंद्रिका टंडन यांचा, बासरी दक्षिण आफ्रिकेच्या वाऊटर केलरमन यांची आणि चेलो एरू मात्सुमोतो यांचा. टंडन मूळच्या चेन्नईच्या. अहमदाबादच्या आयआयएममधून शिकल्या, अमेरिकेत मॅकिन्झीसारख्या कंपनीत भागीदार झाल्या आणि गाणं त्यांनी धंद्याच्या धबडग्यातही सोडलं नाही. सात तुकड्यांच्या या अल्बमला 2 फेब्रुवारी 2025 रोजी ग्रॅमी मिळालं, तेही 'न्यू एज, अँबियंट किंवा चँट' अशा लांबलचक नावाच्या विभागात. त्याच विभागात अनुष्का शंकर होत्या, रिकी केज होते आणि आदल्याच वर्षी नव्हे, त्याच्याही आदल्या वर्षी वारलेले जपानचे र्‍यूइची साकामोतो होते. आपल्याकडे बातमी पोचली ती बहुतेक 'इंद्रा नूयींच्या थोरल्या बहिणीला ग्रॅमी' अशी. व्हॉट्सअॅपवर ती सगळ्यांनी पुढे पाठवली. अल्बम ऐकला मात्र फार थोड्यांनी. मग मीच भेटेल त्याला ऐकवायला लागलो आणि काय वाटलं ते विचारायला लागलो. रिकामटेकडेपणाचे बरेच प्रकार असतात, त्यातला हा निरुपद्रवी.

सोलापुरात असली चौकशी करण्यात एक वेगळी मजा आहे. एका पेठेत मराठी, पलीकडे कन्नड, पूर्व भागात तेलुगू, मध्येच उर्दू, आणि बोलताना सगळ्यांचंच सगळ्यांत मिसळलेलं. कानांचंही तसंच. कुणी अभंगावर वाढलेला, कुणी वचनांवर, कुणाच्या घरी पहाटे अन्नमय्यांची कीर्तनं, कुणाच्या घरी पैगंबरांची स्तुती करणारी नात. अशा गावात नुसती वाद्यं वाजवली तर ती सगळ्यांची होतात. माणसाचा आवाज आला की कोण कुठून ऐकतोय ते कळायला लागतं.

माझे एक जुने मित्र नात फार सुरेख म्हणतात. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं आणि हसत म्हणाले, "बासरी चालू होती तोवर माझं होतं. मंत्र सुरू झाला तसं तुमचं झालं. ऐकलं मी, अदबीनं ऐकलं." या बोलण्यात तक्रार शोधू नये. त्यांना त्या स्वरांचं काही वावगं वाटलं नव्हतं, पण पाहुण्यासारखं बसून ऐकणं आणि घरच्यासारखं पसरून ऐकणं यातला फरक त्यांनी बिनचूक सांगितला. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाची अडचण वेगळी. त्याला नुसती वाद्यं हवीत. गाणारा आवाज आला की कान शब्दांमागे जातात आणि समोरच्या पानावरचं कलम डोक्यात शिरत नाही. त्याच्यासाठी संगीत म्हणजे शेजारच्या टेबलावरची कुजबुज अडवणारी भिंत. मंत्राचा अर्थ त्याला कळत नाही, तरी तो मंत्र त्याला निवांत बसू देत नाही.

आवाज माणसांना दूरच करतो असंही नाही. या शतकाच्या सुरुवातीला अजय-अतुल यांचा 'विश्वविनायक' आला होता. गणपतीची संस्कृत स्तोत्रं आणि त्यांच्या मागे भलामोठा सिंफनीसारखा वाद्यमेळ. आज कुणी तो नव्याने काढला तर त्यालाही न्यू एजच्याच कप्प्यात टाकतील. त्यात शंकर महादेवन होते आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम होते. पूर्व भागातल्या एका मंडपात तो लागला, तेव्हा समोरच्या दुकानातले तेलुगूभाषक आजोबा बाहेर येऊन "बालू, बालू" म्हणत उभे राहिलेले मला आठवतात. शब्द संस्कृत, संगीतकार मराठी, वाद्यांचा थाट पाश्चात्त्य. त्यांना त्यातून फक्त आपला बालू ऐकू आला, आणि तेवढ्यावर ते सगळं त्यांचं झालं.

'त्रिवेणी'च्या बाबतीत मला सगळ्यात मोलाची वाटली ती एका तबलजींची नाराजी. त्यांनी आयुष्यभर साथ केली, पुष्कळ मोठे कलाकार जवळून ऐकले. त्यांनी शांतपणे दोन तुकडे ऐकले आणि विचारलं, "सगळं गोड आहे. पण यात सम कुठंय? दाद द्यायची कुठं?"

प्रश्न वरवरचा नाही. आपलं ऐकणं मुकं नसतं. ख्यालात गवई फिरून फिरून समेवर येतो तेव्हा शंभर माना एकदम हलतात. तिहाई नेमकी पडली की 'क्या बात है' आपोआप बाहेर येतं. कीर्तनात बुवा 'विठ्ठल विठ्ठल' म्हणून थांबतात, कारण पुढचं श्रोत्यांनी म्हणायचं असतं. कव्वालीत तर ऐकणारा उठून उभा राहतो. म्हणजे आपल्या संगीतात ऐकणाऱ्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि त्या कुठे आहेत हे दोघांनाही ठाऊक असतं. सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा संबळ, हलगी आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर यात वाजवणारे कोण आणि ऐकणारे कोण हे वेगळं काढता येईल का? या नव्या अल्बममध्ये मात्र स्वर येतो, पसरतो, विरतो, दुसरा येतो. कुठेच काठ लागत नाही. दाद द्यायची जागाच नसल्यामुळे ऐकणाऱ्याची दाद दुसरीकडून बाहेर पडते. कुणाला झोप लागते, कुणी बराच वेळ गप्प बसून राहतो, एक जण तर मला म्हणाला की त्याने उठून कपाट आवरायला घेतलं.

तबलजींना मी म्हटलं, आपल्याकडेही असं एक वाद्य आहेच की, ज्याला सम नाही आणि कुणी दादही देत नाही. तंबोरा. मैफल सुरू व्हायच्या आधीपासून तो चालू असतो आणि संपल्यावरही क्षणभर हवेत राहतो. सगळे त्याच्या आत बसून ऐकतात, पण 'वा, काय तंबोरा छेडला' असं म्हणून उठलेला श्रोता मी अजून पाहिलेला नाही. या अल्बमवाल्यांनी मागे बसलेल्या तंबोऱ्याला पुढे आणून बसवलं, एवढंच. ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "तंबोरा पुढं आणला ते ठीक. पण मग गवई कुठं गेला?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, आणि त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी मला पटतं. टंडन यांचा आवाज प्रामाणिक आहे. चेलोचा खर्ज तर असा आहे की उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून तो ऐकावा. पण सगळं इतकं जुळवून, घासूनपुसून, गाळून समोर येतं की त्यात कुणी चुकण्याची शक्यताच उरत नाही. मैफलीत तान निघते तेव्हा ती समेवर पोचेल की नाही या धाकधुकीत आपणही तिच्याबरोबर निघालेलो असतो. इथे तसा धोका कुणीच पत्करत नाही. धोका नाही म्हणून धाकधूक नाही, आणि धाकधूक नाही म्हणून झोप लागते. ज्यांना दिवसभराच्या धाकधुकीनंतर हेच हवं असतं, त्यांना नावं ठेवणारा मी कोण? पण तेवढ्यावर त्याला मोठं संगीत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या प्रकाराचा इतिहास पाहिला तर तो बराचसा आपल्याच अंगणात घडलेला आहे. 1967 साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' केला. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, संतूर, बासरी आणि गिटार यांतून सांगितलेला. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. आवाज कुणाचाच नाही, शास्त्र पुरेपूर, आणि तरीही ज्यांना रागाचं नावही ठाऊक नव्हतं अशा देशोदेशीच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी पॉल हॉर्न नावाचा अमेरिकन वादक बासरी घेऊन ताजमहालात गेला. घुमटाखाली स्वर कितीतरी वेळ घुमत राहतो, त्या घुमण्यातच त्याने वाजवलं आणि ध्वनिमुद्रण केलं. न्यू एज संगीताची सुरुवात सांगताना जाणकार या तबकडीचं नाव हटकून घेतात. त्या तबकडीत बासरीबरोबर एक माणसाचा आवाजही आहे. तो तिथल्या पहारेकऱ्याचा. आलेल्या लोकांना घुमटाचा नाद ऐकवण्यासाठी तो साद घालायचा, तीच साद बासरीच्या शेजारी मुद्रित झाली. वाद्य आणि कंठ यांचा या प्रकारातला बहुधा हा पहिला मेळ, आणि त्यातला कंठ आपल्याकडच्या एका नोकरदार माणसाचा. हॉर्नचं नाव जगभर गेलं. पहारेकरी 'पहारेकरी' म्हणूनच राहिला.

आणखी जवळ यायचं तर पुणं. हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोचतो आपण. सत्तरच्या दशकात डॉयटर नावाचा जर्मन वादक कोरेगाव पार्कातल्या आश्रमात आला आणि रजनीशांच्या ध्यानप्रकारांसाठी संगीत रचू लागला. त्याच आश्रमात 1990 साली गायिका देवा प्रेमल आणि संगीतकार मितेन यांची भेट झाली. 1998 मध्ये त्यांचा 'द एसेन्स' आला. त्यातला तिच्या आवाजातला गायत्री मंत्र पुढे जगभरच्या योगवर्गांत पोचला. आता तोच सोलापुरातल्या योगवर्गात शवासनाच्या वेळी फोनवर लागतो. मंत्र इथून गेला आणि सिंथेसायझरचं मऊ अंथरूण घेऊन परत आला. यावर चिडणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. गाणी हिंडतातच. मला खटकतं ते एवढंच, की जाताना ते चारचौघांत म्हणायचं होतं आणि परत आलं ते एकट्याने कानात घालून ऐकायचं होऊन.

पण एकट्याने ऐकण्यालाही काही मोल असतं, हे मला पूर्व भागातल्या एका यंत्रमागधारकाने शिकवलं. टॉवेलचा छोटा कारखाना, खाली माग आणि वर घर. जन्मापासून कानात खटखट. 'त्रिवेणी'बद्दल त्याने तक्रार केली ती ठेक्याचीच, "यात ठेका नाही ओ." तरी रोज रात्री तो ते ऐकतो, हे कळल्यावर मी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "लाइट जाऊन सगळ्या गल्लीतले माग एकदम बंद पडले की कसं वाटतं बघा, तसं वाटतंय." ज्याच्या दिवसाला ठेक्याशिवाय दुसरं काही नाही, त्याला बिनठेक्याचं संगीत म्हणजे काय, हे तबलजींना आणि मला कसं कळणार होतं? आम्ही ठेका शोधत बसणारी माणसं. त्याला त्यातून सुटायचं होतं.

शेवटची हकीकत आमच्या भागातल्या भजनी मंडळाची. मंडळ चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंनी 'त्रिवेणी' पूर्ण ऐकला, झोपल्या नाहीत, आणि ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणतेय चांगलं ती. पण आपण कुठं म्हणायचं?" तबलजींचाच प्रश्न, पण बाई त्यावर थांबणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यातल्या एका तुकड्याचं नाव 'चँट इन ए' असं आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी 'ए' म्हणजे काय ते विचारून घेतलं. पेटीवर पांढरी सहा. "म्हणजे नावातच पट्टी दिलीय की," बाई म्हणाल्या, "मग ती गायचीच वस्तू झाली." पुढच्या एकादशीला ब्लूटूथचा स्पीकर मध्ये ठेवला गेला. पेटीवाल्या काकांनी पांढरी सहा धरली, बायकांनी टाळ घेतले आणि त्या अमेरिकन, आफ्रिकी, जपानी स्वरांवर विठ्ठलाचा गजर सुरू झाला. पखवाजवाल्याने लगेच हात उचलला. म्हणाला, ही लय कुणाच्या बापाला सापडणार नाही. एक ताई म्हणाल्या, चेलो आला की आपण थांबायचं आणि तो थांबला की आपण सुरू करायचं. दुसऱ्या म्हणाल्या, थांबायचं कशाला, त्यालाच थांबवा, स्पीकर आपला आहे. बाईंनी आवाज थोडा कमी केला, पुन्हा पहिल्यापासून लावला आणि पखवाजवाल्याला सांगितलं, "तू तुझा भजनी ठेका धर. त्यांना यायचं तर येतील मागून."