पाणी पिऊन फुगलेलं लाकूड

लाकडी होडी वापरात असते तोवर टिकते. किनाऱ्यावर नुसती पडून राहिली की उन्हानं फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पावसाचं गोडं पाणी आत साचून लाकूड कुजतं. खाऱ्या पाण्यात ते इतकं लवकर कुजत नाही.

आमच्या घरचा शिडाचा मचवा दाभोळ खाडीच्या काठी असाच कित्येक वर्षं पडून होता. अब्बांच्या तरुणपणी त्यातून कौलं आणि लाकूड जात असे. मग ट्रक आले, इंजिनाच्या बोटी आल्या. मचवा फोडून जळणाला द्यावा, असं घरात सगळ्यांचं मत झालं होतं. त्याच वर्षी धाकटी लेक शिकायला बाहेरगावी गेली. घरात आम्ही दोघंच उरलो, आणि आमचं बोलणं गॅसचा नंबर, विजेचं बिल आणि मुलांचे फोन एवढ्यावर येऊन ठेपलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मचवा दुरुस्त करून त्यावरच राहायचं, असं आम्ही ठरवलं. नातेवाईक म्हणाले, हा इसराफ आहे. एवढ्या पैशात घराला रंग झाला असता. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

गावातले एक वयस्क सुतारचाचा रोज सकाळी येऊन काम दाखवून जात. तळाला चिकटलेली कालवं खरवडली. लोखंडी खिळे गंजून भोवतालचं लाकूड काळं पडलं होतं. ते काढून तांब्याचे बसवले. हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या किश्तीचा उल्लेख सूरह कमरमध्ये फळ्या आणि खिळ्यांसह येतो, हे आम्ही मुलांना शिकवत आलो. खिळ्याची किंमत कळली ती इथे.

सगळ्यात जिकिरीचं काम सांधे भरण्याचं. कापसाचा पीळ तेलात भिजवून फटीत ठासायचा. एकानं बोथट छिन्नी धरायची, दुसऱ्यानं मोगरीनं ठोकायचं. हात जुळले नाहीत तर बोट ठेचतं. त्यामुळे बोलावंच लागतं. पहिले चार दिवस "धर", "थांब", "हळू" एवढंच. पुढे बरंच काही निघालं. वर्षानुवर्षं मनात राहिलेलं, रागाचंही.

मचवा पाण्यात लोटला तेव्हा इतकं करूनही प्रत्येक सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. चाचा शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. उपसत राहा. लाकूड पाणी पिऊन फुगेल, सांधे आपोआप आवळतील." दोन रात्री आम्ही पाळीपाळीनं पाणी उपसलं. एक झोपे, दुसरा बादली धरे. तिसऱ्या दिवशी तळ जवळजवळ कोरडा झाला. अल्हम्दुलिल्लाह!

मग पंधरा दिवस मागच्या बाजूला ताडपत्री बांधून, स्टोव्हवर भात आणि माशाचं सालन करून आम्ही तिथेच राहिलो. नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करते. भरतीला नाळ पश्चिमेला, ओहोटीला पूर्वेला. म्हणून प्रत्येक नमाजच्या आधी किबला पुन्हा पाहून घ्यावा लागे. कालची दिशा आज चालत नाही.

पाऊस लागण्याआधी मचवा वर ओढला, तेल पाजलं आणि पाणी साचू नये म्हणून झापांनी शाकारला. दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा गळेल. पुन्हा दोन रात्री उपसावं लागेल, एवढंच.

घराला रंग पुढच्या वर्षी देऊ, इन्शाअल्लाह.