लॅटिन मिस्सा आणि आमची आजी

सकाळच्या विरार लोकलमध्ये, कानात इयरफोन घालून लटकणारा पंचविशीतला मुलगा काय ऐकत असेल? माझा मावसभाऊ ग्रेगोरियन चॅण्ट ऐकतो! मालाडला आयटीत नोकरी, पगार झकास, आणि साहेबांना आता फादर व्हायचंय.

वसईत फादर होण्याचं कुणाला नवल नाही. पण या पठ्ठ्याला फक्त जुनी लॅटिन मिस्सा करणारा फादर व्हायचंय. म्हणजे फादरांचं तोंड लोकांकडे नाही, वेदीकडे. मुख्य प्रार्थना अगदी हळू आवाजात. मध्ये लांबलचक शांतता.

थोडा फ्लॅशबॅक. या मिस्सेचा ग्रंथ पाचव्या पायस पोपनी १५७० साली ठरवून दिला. मग दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाली, लोकभाषांना दार उघडलं आणि १९६९ मध्ये नवा विधी जाहीर झाला. तो सगळ्यांच्या पचनी पडला नाही. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्येच 'सोसायटी ऑफ सेंट पायस टेन्थ' काढली होती. १९८८ मध्ये त्यांनी पोपची मनाई झुगारून चार बिशप नेमले. तेव्हा त्यांची साथ सोडून, पण जुनी मिस्सा न सोडता, काही फादरांनी स्वित्झर्लंडमध्ये 'प्रिस्टली फ्रॅटर्निटी ऑफ सेंट पीटर' सुरू केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुन्या मिस्सेवर कडक बंधनं घातली, पण २०२२ मध्ये या मंडळींना त्यांचे ग्रंथ वापरायची मुभा कायम ठेवली. भावाचा डोळा यांच्यावर. त्यांची एक सेमिनरी जर्मनीत विग्रात्झबाडला आहे.

जर्मनी म्हटल्यावर मावशीच्या डोळ्यांना धार लागली. एकुलता एक आहे ना!

मी त्याला माझ्या परीने घुमवून पाहिलं. म्हटलं, "अरे, लॅटिनचा जमाना ऐन भरात होता तेव्हाही फादर स्टीफन्सना 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत लिहावंसं वाटलं, १६१६ साली. तो माणूस तर इंग्लंडहून आलेला! आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठीच सोडून कुठे निघालास?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, दिवसभर मी बोलतो. कॉल, मीटिंग, परत कॉल. चर्चमध्येही माईक आणि बोलणं. मला अशी जागा हवीय जिथे सगळं मला समजावून सांगितलं जात नाही."

खरं सांगू? मला उत्तर सुचलं नाही. विकेंडला दोन हजार रुपये भरून 'सायलेन्स रिट्रीट'ला जाणारे माझे मित्र वेगळं काय शोधतात?

शेवटी प्रकरण आजीच्या कोर्टात गेलं. घरात जुनी मिस्सा खरोखर पाहिलेली तीच एकटी. "छान असायची रे," ती म्हणाली. "फादर तिकडे तोंड करून काय ते म्हणायचे, आम्ही मागे रोझरीची माळ ओढायचो. घंटा वाजली की वर बघायचं. किरिए एलेइसोन अजून पाठ आहे." भाऊ खूश! हे शब्द मूळचे ग्रीक आहेत, ही माहितीही त्याने लगेच पुरवली.

आजी थांबली नव्हती. "पण तुझे आजोबा गेले ना, तेव्हा फादर मराठीत म्हणाले. त्यातला एकेक शब्द मला कळला. त्या दिवशी लॅटिन असतं तर मी काय धरून उभी राहिले असते?"

कुणीच काही बोललं नाही. भाऊसुद्धा.

मला वाटतं, मुद्दा लॅटिन की मराठी हा नाहीच. त्याला न कळणाऱ्या शब्दांत शांती मिळते, तिला कळणाऱ्या शब्दांनी सावरलं. दोघांची भूक खरी. फक्त तो पंचविशीत आहे आणि त्याच्या जवळचं कुणी अजून गेलेलं नाही.

आजीने मग आपली अट सांगितली. "जा तू. पण माझ्या मयताची मिस्सा तूच करणार असशील, तर मला कळेल असं काहीतरी बोल."

"आजी, जुन्या मिस्सेतही प्रवचन लोकांच्याच भाषेत असतं," तो म्हणाला.

"मग प्रवचन लांबव," आजी म्हणाली.