कपाटांतलें भिंग

प्रत्येक गृहस्थास कसला ना कसला तरी नाद असतोच. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी अडकित्ते जमवितो, तर कोणी नुसतीं मतें जमवितो. आमचा नाद जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांचा. आमच्या घरांतील मंडळींना तो अगदींच निरुपद्रवी वाटत नाहीं; कारण एके काळीं या भिंगांनीं कपाटाचा एक खण पुरता व्यापून दुसऱ्यावरहि दृष्टि ठेविली होती. "हा सगळा व्याप कशासाठीं?" असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

हल्लींच्या कॅमेऱ्याचें भिंग आपलें आपण वस्तु शोधून तिच्यावर नजर स्थिर करतें. पोटांतील लहानशी मोटार हें काम करते. जुन्या भिंगांत असलें कांहीं नसतें. धातूची एक नळी, आंत पांच-सात कांचा आणि बाहेरून हातानें फिरवावयाचीं दोन कडीं, एवढाच त्याचा संसार. एक कडें फिरविलें म्हणजे कांचा पुढेंमागें सरकून चित्र रेखीव होतें. दुसरें फिरविलें म्हणजे आंतलीं पातळ पातीं मिटून वा उघडून प्रकाश कमीजास्त होतो. विशेष हें, कीं अशीं पन्नास-साठ वर्षांचीं भिंगें आजच्या डिजिटल कॅमेऱ्यासहि लावतां येतात. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें हलता आरसा असे, आणि त्याला जागा हवी म्हणून भिंग फिल्मपासून सुमारें साडेपंचेचाळीस मिलिमीटर दूर बसवीत. हल्लींच्या कित्येक कॅमेऱ्यांतून तो आरसा गेला आणि हें अंतर वीस मिलिमीटरांच्या आसपास आलें. उरलेल्या जागेंत ॲडॅप्टर नांवाचें धातूचें कडें बसतें आणि नव्याजुन्याची सोयरीक जुळते. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचीं भिंगें जर्मनी, सोव्हिएत रशिया व जपान या तिन्ही देशांत होत असत. त्यामुळें एकाच कड्यावर तीन देशांचीं भिंगें चालतात.

आमच्या नादाचें मूळ मात्र बाजारांत नाहीं, घरांतच आहे. आमचे मामा व्यापारी जहाजावर नोकरीस होते. १९६८ सालीं त्यांनीं जपानहून एक असाही पेंटॅक्स कॅमेरा आणून आमच्या वडिलांस, म्हणजे अण्णांस, भेट दिला. त्यावर ५० मिलिमीटरचें सुपर ताकुमार भिंग होतें. असाही कंपनीचे संस्थापक कुमाओ काजिवारा यांनीं हें नांव आपल्या ताकुमा नांवाच्या भावावरून ठेविलें. हे ताकुमा अमेरिकेंत जाऊन छायाचित्रकार व चित्रकार झाले होते. भावाचें नांव भिंगास देणारें तें घराणें आम्हांस उगीचच ओळखीचें वाटत आलें आहे.

अण्णांनीं तो कॅमेरा देवाच्या उपकरणांप्रमाणें सांभाळला. कॅमेऱ्यास चामड्याचें कव्हर, त्यावर लोकरी कापड, हें सर्व पोलादी कपाटांत, आणि कपाटाची किल्ली जानव्याला! मुंज, लग्न, गौरीगणपति असे प्रसंग सोडून तो बाहेर निघत नसे. एका रिळांत ३६ चित्रें निघत. तें रीळ अण्णा दोन वर्षें पुरवीत. त्या चित्रांत पाहुणे आहेत, भटजी आहेत, मखर आहे. आई मात्र नाहीं. ती त्या वेळीं स्वयंपाकघरांत असे. एका चित्रांत पडद्याआडून वाढावयास निघालेला तिचा हात तेवढा दिसतो.

१९९८ सालीं अण्णा गेले. त्यांच्या वस्तूस हात कसा लावावा, या आदरानें तें कपाट कोणी उघडलें नाहीं. २०१४ सालीं घरास रंग द्यावयाचा निघाला, तेव्हां आम्हीं कॅमेरा बाहेर काढला. भिंग उजेडासमोर धरलें आणि मन खिन्न झालें. आंतल्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतु पसरले होते आणि कांच चहाच्या पाण्यासारखी पिवळी पडली होती. ज्या चामड्यानें भिंगाचें रक्षण व्हावें असें अण्णांस वाटलें, त्यानेंच पुण्याच्या पावसाळ्यांतली ओल धरून ठेविली होती. बुरशीस अंधार, ओल आणि न हलणारी हवा लागते; तें सर्व आम्हीं आदरपूर्वक पुरविलें होतें.

आमच्या पेठेंतील एका वृद्ध कारागिरानें भिंग खोलून बुरशी पुसून काढली. परंतु बुरशी आपल्या आम्लानें कांचेवरील लेप खाते. एका कांचेवर तिची नक्षी कायमची राहिली. पिवळेपणाविषयीं ते म्हणाले, "हा पुसून जाणार नाहीं. ह्याला ऊन द्या." त्याचें कारण असें. कांचेनें प्रकाश अधिक वांकवावा, पण त्यांतले रंग फांकूं देऊं नयेत, यासाठीं त्या काळीं कांहीं भिंगांच्या कांचेंत थोरियम या किरणोत्सर्गी धातूचें भस्म मिसळीत. त्याच्या किरणांनीं कांच वर्षानुवर्षें पिवळी होत जाते, आणि उन्हांतील अतिनील किरणांनीं तो पिवळेपणा उतरतो. कॅमेऱ्यास लावून असें भिंग वापरण्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र त्याची कांच घांसूं नये, आणि लहान मुलांच्या हातीं तें खेळावयास देऊं नये.

पुढच्या वर्षींचा चैत्र आला. गच्चीवर आईचें वाळवण पडलें होतें: कुरडया, सांडगे, पोह्यांचे पापड. त्यांच्याच रांगेंत आम्हीं भिंग ठेविलें. त्याच्या खालच्या तोंडास ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद घट्ट गुंडाळला. ही काळजी अवश्य घ्यावी, नाहींतर भिंगांतून एकवटलेलें ऊन खालचें कापड पेटवावयाचें. ऐंशी वर्षांची आई काठी घेऊन राखणीस बसे. "कावळा कुरडई नेईल, भिंग कशाला नेईल?" असें आम्हीं म्हटलें, तर म्हणाली, "तुझ्या वडिलांची वस्तु आहे. मी बसतें." तीन-चार आठवड्यांत कांच निवळली.

निवळलेल्या भिंगानें पहिलें चित्र आईचेंच घ्यावयाचें ठरलें. पातीं पूर्ण उघडून हातभर अंतरावरून पाहिलें, तर या भिंगांतून जेमतेम एक सेंटिमीटर खोलीचेंच रेखीव येतें. पापणी रेखीव, तर कान धूसर. आई जराशी डुलली कीं चित्र गेलें. पुन्हां कडें फिरवावयाचें, पुन्हां तिच्या डोळ्यांत पाहावयाचें. तिच्या डाव्या भिंवईंत एक बारीक तीळ होता, हें आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं कळलें. शेवटीं ती म्हणाली, "अरे, किती वेळ बघतोस! मी कांहीं पळून जात नाहीं."

२०१७ सालीं ती गेली. तिचें एकटीचें असें घरांत तेवढें एकच चित्र आहे.

त्यानंतर आमच्या नादानें जोर धरला. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार आम्हीं पालथा घातला. रशियन हेलिऑस ४४ मिळालें. त्याची रचना येना येथील झाइस कारखान्याच्या बायोटार भिंगावरून घेतलेली असून, पाठीमागच्या झाडाचीं पानें तें भोवऱ्यासारखीं फिरवून दाखवितें. मग आणखी एक, मग आणखी दोन, असें करतां करतां चौदा झालीं. घेण्याचा हर्ष मोठा आणि वापरण्यास सवड थोडी. २०१९ च्या पावसाळ्यानंतर विजेरीच्या उजेडांत पाहतों, तों तीन भिंगांवर तींच ओळखीचीं जाळीं! अण्णांनीं एक भिंग आदरापोटीं कोंडलें. आम्हीं चौदा हौसेपोटीं कोंडलीं. दोष कोणाचा मोठा, हें वाचकांनींच ठरवावें.

तेव्हांपासून आम्हीं चामड्याचीं सर्व कव्हरें काढून टाकलीं आणि हवेंतील ओलावा शेंकडा चाळीस ते पन्नास राहील असा एक बंद डबा केला. त्यांतील सिलिका जेलच्या पुड्या वेळच्या वेळीं बदलतों. पण खरा नियम निराळाच. महिन्यांतून एकदां तरी ज्यास बाहेर काढतां येत नाहीं, तें भिंग घरांत ठेवावयाचें नाहीं. आठ भिंगें शिकाऊ मुलांस देऊन टाकलीं, सहा राहिलीं. वाचकांपैकींहि कित्येकांच्या कपाटांत वडिलांचा वा काकांचा असा एखादा कॅमेरा निजलेला असेल. त्यांनीं हा अंक खालीं ठेवून तो आजच उजेडांत पाहावा, एवढीच विनंति.

अण्णांच्या भिंगावरची नक्षी तशीच आहे. उजेड समोरून आला म्हणजे चित्रावर किंचित् धुकें येतें. गेल्या दिवाळींत आमच्या कन्येनें तेंच भिंग मागून घेतलें आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांस सोडून ती आधीं स्वयंपाकघरांत गेली. आमच्या सौभाग्यवती चकल्या तळीत होत्या. "आत्तां नको गं, हात भरलेत," त्या म्हणाल्या. कन्या कांहीं बोलली नाहीं. कडें फिरवीत तेथेंच उभी राहिली.